बिडकीनला येणारी टोयोटा भारतात आधी ट्रक घेऊन आली होती!

मोसंबी भरायची असो की घरसामान हलवायचे, बिडकीन-पैठण पट्ट्यात फर्मान एकच: 'एक आयशर बोलवा'. येणारी गाडी टाटाची असली तरी कुणाची तक्रार नसते. मराठीत 'टेम्पो'ही असाच रुळला, पुण्याच्या बजाज टेम्पोमुळे. पण आयशरच का?

१९८०च्या सुमारास रस्त्यावर एकीकडे टाटा-लेलँडचे मोठे ट्रक होते, दुसरीकडे मॅटाडोर. मधला गट जवळपास रिकामा. तो भरायला सरकारने जपानी भागीदारीला परवानगी दिली आणि एकदम चार जोड्या उतरल्या: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. शेवटच्या जोडीचा 'कँटर' १९८६ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला बनू लागला. त्याच वर्षी टाटांनी पुण्यात स्वतः विकसित केलेला ४०७ बाजारात आणला.

जपानी गाड्यांचा घात केला तो येनने. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारत गेला. एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत, ते १९८८ पर्यंत १३०च्या आसपास आले. सुटे भाग जपानहून येत असल्याने गाडी महागली. ४०७ ला ही झळ नव्हती. शिवाय टाटाचा मिस्त्री गावोगावी होता, आणि आपल्याकडे गाडी क्षमतेइतकीच भरतात असा कुणाचा दावा नाही. ४०७ तो भार सोसत असे.

टोयोटा बाहेर पडली, नव्वदीच्या मध्याला कारखाना देवूकडे गेला. ऑल्विन महिंद्रात विलीन झाली. स्वराज माझदाची पुढे एसएमएल इसुझू झाली, २०२५ मध्ये तीही महिंद्राने घेतली. आयशरने मात्र भाग देशात बनवण्यावर जोर दिला, १०.९०, ११.१० अशी मध्यम वजनाची मॉडेल आणली आणि २००८ मध्ये व्होल्वोशी भागीदारी केली. नाव टिकले ते असे.

आता टोयोटा बिडकीनला येते आहे, ट्रक नव्हे, मोटारी घेऊन. जुलै २०२४ मध्ये सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली, तेव्हा तिच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. त्यामुळे कोटींच्या आकड्यापेक्षा विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: टोयोटा किती भाग वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातून घेणार?