पाय जपून, धूर कमी!

शोरूममध्ये गाडी निवडायची वेळ दहा-बारा वर्षांतून एकदा येते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय मात्र रोज पडतो. हवेचं बरंवाईट या दोन्हींवर ठरतं. कसं ते पाहा!

पाऊण किलोचे सव्वादोन किलो
लिटरभर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो. ते जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो! कारण कार्बनचा एकेक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन-दोन अणू ओढून घेतो. डिझेलचा आकडा 2.7 किलोच्या घरात.

113 ग्रॅमचं गणित
2022-23 पासून देशातल्या नव्या मोटारींना सरासरी मर्यादा आहे किलोमीटरमागे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची. म्हणजे पेट्रोलवर लिटरला साधारण 20 किलोमीटर. गाडी जड असेल, तर दर सिग्नलला तेवढा बोजा नव्याने हलवावा लागतो. एकट्यानेच ऑफिस गाठायचं असेल, तर छोटी गाडीच बरी.

घाटात न्यूट्रल? मुळीच नको!
खंडाळ्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजूनही भेटतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत होतं नेमकं उलटं. गियर ठेवून पाय उचलला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. वर ब्रेक तापतात, ते वेगळंच. जिवाशी खेळ!

वेग दुप्पट, विरोध चौपट
50 वरून 100 च्या वेगावर गेलात, की हवेचा विरोध चौपट होतो. रिकामं कॅरियर टपावर असेल, तर त्यात आणखी भर.

कोपऱ्यावरचं दूध
धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 250 ते 300 अंशांपर्यंत तापल्यावरच नीट काम करतो. कोपऱ्यावर जाऊन येईपर्यंत तो तापतच नाही! तेवढ्यासाठी चालतच जा.

घाट उतरा, चार्जिंग मिळवा
इलेक्ट्रिक गाडी उतारावर मोटरचंच जनित्र करून बॅटरी भरते. सायलेन्सरच नाही, त्यामुळे गल्लीत धूर शून्य. पण आपली बरीचशी वीज अजून कोळशावरची, म्हणून तीही जपूनच वापरायची.

आजच करा
टायर थंड असताना हवा तपासा, पीयूसीची तारीख बघा आणि लांबच्या सिग्नलला इंजिन बंद करा. शेजारच्या रिक्षातलं पोर तोच धूर श्वासात घेत असतं.