चाकाखालची भूमि व चाकांतली हवा

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार तापवून चढवितो ती लोखंडी धांव आमच्या नागपुराकडील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. उन्हाळ्यांत मुरमाच्या वाटेवर ती खडखडत सुखानें चाले. परंतु मृगाचा पाऊस पडून काळी जमीन भिजली कीं तीच धांव सुरीसारखी चिखलांत रुते आणि बैल गुडघे टेकीत. चाक तेंच, भार तोच. बदलली ती केवळ भूमि. रबरी टायर निवडतांनाहि हीच गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावयाची असते.

हा विषय सुचण्यास कारण घरचेंच घडलें. आमच्या पुतण्यानें काटोलकडील संत्र्यांच्या बागेंत फिरण्यासाठीं चार फुगीर चाकांची, मोटारसायकलीसारखें हँडल असलेली ए.टी.व्ही. घेतली. गेल्या पावसाळ्यांत बांध उतरतांना ती कलंडली व त्याच्या मनगटाचें हाड मोडलें. दैवाची कृपा म्हणूनच ती अंगावर आली नाहीं. वडील मंडळींनीं वेगाला दोष दिला, त्याच्या आईनें गाडीलाच. आम्हीं मात्र टायर पाहिले. त्यांच्या बारीक, दाट नक्षींत चिखल थापला जाऊन ते गुळगुळीत झाले होते; शिवाय हवा भरणाऱ्यानें मोटारीच्या हिशेबानें हवा ठासल्यामुळें चाकें दगडासारखीं टणक झालीं होतीं. आतां तोच चिरंजीव हिवाळ्यांत जेसलमीरच्या वाळवंटांत गाडी नेण्याचें म्हणतो, व त्यासाठीं सर्वांत उग्र दिसणारे टायर घेण्याचा त्याचा हट्ट आहे!

शितावरून भाताची परीक्षा करावी हा न्याय भूमीस लागू पडत नाहीं. नागपुराभोवतीं एका दिवसाच्या फेरींत काळी चिकण माती, मुरूम, रामटेकच्या बाजूचा खडक आणि कन्हान नदीच्या पात्रांतील वाळू अशा चार जाती भेटतात. ओल्या काळीस खोल व विरळ दांते हवेत. चाक फिरतांच त्यांतला चिखल झडून पडतो. मुरूम व खडक यांवर उलट बुटके, जवळजवळ बसविलेले ठोकळे बरे. ते कमी झिजतात आणि दगडावर अधिक टेकतात. वाळूची तऱ्हा निराळीच. तींत खोल दांते पकड घेण्याऐवजीं खड्डा खणतात. म्हणून निव्वळ वाळूच्या टेकड्यांवर फिरणारे लोक मागें वल्ह्यांसारख्या रुंद पट्ट्यांचे आणि पुढें वळण धरण्यापुरत्या उभ्या रेघांचे टायर लावितात. परंतु जेसलमीरचा मुलूख म्हणजे सारी वाळू नव्हे. सम गांवाजवळच्या टेकड्या सोडल्या तर खडकाळ माळ पुष्कळ. त्यावर तीं वल्हीं लवकर झिजतील. दोन्हीकडे जावयाचें तर मध्यम खोलीच्या ठोकळ्यांचा टायर घ्यावा आणि उरलेलें काम हवेकडून करून घ्यावें.

टायरच्या कडेवर २५×८-१२ असें लिहिलेलें असतें. म्हणजे बाहेरचा व्यास २५ इंच, रुंदी ८ इंच व आंतील रिम १२ इंच. प्लायचा आंकडा हें ताकदीचें माप. बाभळीच्या कांट्यांच्या वाटेवर ४ पेक्षां ६ चा टायर टिकतो. मात्र तो जड व ताठ असल्यानें वाळूंत कमी पसरतो.

डनलॉपनें १८८८ सालीं मुलाच्या तीनचाकीस हवेचीं चाकें बसविलीं तेव्हांपासून हवा हाच टायरचा अर्धा भाग होऊन राहिला आहे. मोटारींत चौरस इंचास ३० पौंडांच्या आसपास दाब असतो, ए.टी.व्ही.स बहुधा ५ ते ७ पौंडच पुरतो. गणित सोपें आहे. एका चाकावर २१० पौंड भार असेल तर ७ पौंड दाबास सुमारें ३० चौरस इंच रबर जमिनीस टेकतें, आणि ५ पौंडांस सुमारें ४२. उंटाचा पसरट तळवा वाळूंत तगतो व शेळीचा खूर रुततो, त्याचें मर्म हेंच. बॅगनोल्ड या इंग्रज अधिकाऱ्यानें १९२९ ते १९३२ च्या दरम्यान लिबियाच्या वाळवंटांतून फोर्ड मोटारी नेल्या, त्या टायरांतील हवा कमी करूनच.

तथापि येथेंहि अतिरेक नको. हवा फार उतरली तर वळणावर टायर रिमवरून निसटतो, दगडावर रिम चेपते. म्हणून गाडीवर लिहिलेला आंकडा प्रमाण मानावा, वाळूपुरती थोडी हवा सोडावी, आणि कठीण जमिनीवर येतांच हातपंपानें ती पुन्हां भरावी. दाब सकाळीं चाकें थंड असतांनाच मोजावा. आमच्या वैशाखांतील ४५ अंशांच्या उन्हांत तो आपोआप चढलेला दिसतो. मोटारीचें दाबमापक ५ व ७ यांतला भेद नीट दाखवीत नाहीं. कमी दाबाचें निराळें घ्यावें.

पुतण्याच्या हट्टाचें काय झालें, असें वाचक पुसतील. उग्र टायर राहिले. मध्यम ठोकळ्यांचे आले, त्यांबरोबर एक लहानसें दाबमापकहि. गेल्या आठवड्यांत पहाटे मायलेक अंगणांत बसून चारी चाकांचा दाब मोजीत होतीं. आई आंकडा वाची, मुलगा वहींत टिपून घेई. जेसलमीरला जाण्यास तिनें अद्यापि होकार दिलेला नाहीं. परंतु नकारहि दिलेला नाहीं.