कात्री चालवण्याआधी

स्क्रॅपबुकात फोटो लावताना चेहरा ठेवायचा आणि भोवतालचे छाटायचे, अशी सवय पडली आहे. बाभुळगाव तालुक्यात तरी ती महागात पडेल. खडकसावंग्याजवळच्या बेंबळा धरणामुळे इथली काही गावे विस्थापित झाली. तिथल्या लग्नाच्या किंवा बारशाच्या जुन्या फोटोत नवरदेवामागची माडी, ओसरी, कापसाची गंजी हा आज त्या गावाचा पुरावा आहे. चेहऱ्याचे दुसरे फोटो मिळतील. त्या भिंतीचे बहुधा नाहीत. पण पान लहान, फोटो पुष्कळ, आणि कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची लक्ष खाते, हा आक्षेप खराच आहे. कातरकाम वर्ज्य नाही, मूळ प्रत कापणे वर्ज्य. आधी स्कॅन करा, मग नकलेवर हवी तशी कात्री चालवा.

मोबाइलचे फोटो तरी सुरक्षित, असे कुणी म्हणेल. पण त्यांचे प्रमाण सहसा ४:३, तर ६×४ इंची छापाचे ३:२. म्हणजे स्टुडिओत कुणी न विचारता उंचीचा नववा भाग जातो, बहुतेकदा कुणाचे तरी पाय. त्यात आपणही छाटून लांबी-रुंदी निम्मी केली, तर १२ मेगापिक्सेलचे ३ उरतात. या आकाराच्या छापाला ते पुरतात, मोठ्या छापाला नाही. छापायला देताना पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो मागा.