भट्टीतील चार क्विंटल कोठे गेले?

शहाबादी फरशी आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची ही फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड होय. त्याच जिल्ह्यातील वाडी व सेडम येथील सिमेंटचे कारखानेही चुनखडीवरच चालतात.

विज्ञानाचे शिक्षक रजेवर असता एकदा त्यांचा तास आमच्याकडे आला. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर! फळ्याकडे वळतो न वळतो तोच मागील बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, काकांनी भट्टीत दहा क्विंटल दगड घातला, चुना निघाला सहाच क्विंटल. मालक म्हणतात, चार क्विंटल चोरीस गेला. खरे काय?" प्रश्न काकांच्या मजुरीचा आणि अब्रूचा होता. आम्ही समीकरण मांडले :

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

समीकरणाच्या दोन्ही बाजूंस प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे असावयास हवेत. येथे दोहोंकडे कॅल्शियमचा १, कार्बनचा १ व ऑक्सिजनचे ३ अणू आहेत. म्हणून गुणक लावण्याची गरज नाही. (हायड्रोजन जाळून पाणी करताना मात्र हायड्रोजनच्या २ रेणूंस ऑक्सिजनचा १ रेणू लागतो, तेथे गुणक विसरला की पुढील सारे गणित फसते.) आता अणुभार घाला. चुनखडीचा रेणुभार ४० + १२ + (३ × १६) = १००; कळीच्या चुन्याचा ४० + १६ = ५६; वायूचा १२ + ३२ = ४४. म्हणजे १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली असता ५६ किलो चुना हाती येतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. आमच्या कोंकणी मुलखात शिंपल्या भाजून चुना करीत, त्यासही हेच प्रमाण लागू. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूच्या साह्यानेच या वायूचा माग काढला होता.

"पण मग ५.६ क्विंटल यावयास हवा होता. सहा कसा आला?" दुसऱ्या एकाने अडविले. आम्हीही क्षणभर थबकलो. उत्तर दगडातच होते. खाणीचा दगड सर्वस्वी शुद्ध नसतो; त्यात माती व वाळू असते. समजा, १००० किलोत १०० किलो अशा अशुद्धी आहेत. उरलेल्या ९०० किलो चुनखडीतून ९०० × ४४ ÷ १०० = ३९६ किलो वायू जाईल. मागे राहील ५०४ किलो चुना व सुमारे १०० किलो माती, एकूण ६०४ किलो. सहा क्विंटल भरले ते असे!

मालकास दाखविण्यासाठी मुलाने ते गणित कागदावर लिहून मागितले. आम्ही दिले, मात्र खाली एक ओळ जोडली : मातीचा दहावा हिस्सा आम्ही अंदाजाने धरला आहे, तो दगड तपासून नक्की करावा.