कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी

व्हायवॅक्स मलेरिया निघाला की क्लोरोक्विनच्या जोडीला प्रायमाक्विनच्या गोळ्या येतात, त्याही चौदा दिवस. यकृतात दडून बसलेला परजीवी त्यांनी मरतो. मात्र लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर गोळी तिथेच बंद करायची असते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर हे लक्ष ठेवणं सोपं नाही. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात.

रंग बदलतो तो तांबड्या पेशी फुटल्यामुळे. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं. त्याचं काम साखरेच्या चयापचयातलं. ग्लुकोजचा काही भाग ते ऊर्जेच्या नेहमीच्या वाटेवरून वळवतं आणि त्यातून एनएडीपीएच हा रेणू मिळतो. औषधाच्या ऑक्सिडीकारक रसायनांपासून तांबडी पेशी वाचते ती त्याच्याच बळावर.

कर्जत लोकल ज्या कल्याणवरून येते, त्या गावाचं नाव या एन्झाइमच्या एका दोषाला मिळालं आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेला हा ‘कल्याण’ प्रकार आणि त्याआधीचा ‘केरळ’ प्रकार एकच, हे १९९२ साली जनुक तपासल्यावर कळलं. दोन्हींत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आहे.

पांढऱ्या पेशींत मात्र हाच एनएडीपीएच हल्ल्याच्या कामी येतो. जंतू गिळताना पेशी एकाएकी जास्त ऑक्सिजन ओढू लागते, हे बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी १९३३ सालीच मोजलं होतं. हा ऑक्सिजन ऊर्जेसाठी लागत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात दुसरं एक एन्झाइम एनएडीपीएचमधले इलेक्ट्रॉन त्या ऑक्सिजनला देतं. त्यातून सुपरऑक्साइड तयार होतं, पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायपोक्लोरस आम्ल. जंतू मारायचा दारूगोळा तो हा, आणि त्याचा कच्चा माल साखरेतून आलेला!

जी-सिक्स-पीडी थोडं कमी असलं तरी पांढऱ्या पेशींचं सहसा अडत नाही. ते जवळजवळ नसलंच, तर मात्र जंतू गिळले जातात पण मरत नाहीत, आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो.

मलेरियात या उणिवेचा फायदाही होतो. परजीवी शिरलेली अशी तांबडी पेशी लवकर खराब होते आणि भक्षक पेशी तिला लवकर ओळखून गिळतात. मलेरियाच्या जुन्या पट्ट्यांत ही उणीव टिकून राहिली ती बहुधा यामुळेच. महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी समाजांत ती आढळते.

२०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टॅफेनोक्विन या औषधाचा प्रायमाक्विनऐवजी एकच डोस पुरतो. चौदा दिवसांची कटकट नाही. पण ते शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं. लघवी काळी झाल्यावर थांबवायला गोळीच उरलेली नसते. म्हणून आधी रक्तातलं एन्झाइम मोजावं लागतं, आणि ते मोजणारं यंत्र वाडीपर्यंत न्यावं लागतं.