शाकाहारी माशाच्या मागावर

माशाला गळ टाकायचा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कोळंबी, गांडूळ, बांगड्याचा तुकडा, नाहीतर कणकेची गोळी. पण सिडनीच्या खडकाळ किनाऱ्यावर एक मासा असा आहे, की त्याच्यासाठी गळाला चक्क शेवाळ गुंडाळावं लागतं. हिरवंगार, केसासारखं शेवाळ. नाव लुडरिक. इथले जुने लोक त्याला 'ब्लॅकफिश' म्हणतात. आमच्या बाबांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "हो मासो गवत खाता? मगे माळकरीच म्हणूचो!"

बाबा मालवणकडचे. वय ७१. नोकरी शाळेत केली, पण जीव सगळा दर्यात. सुट्टीच्या दिवशी खडपात जाऊन गरवणं हा त्यांचा देव. आई गेल्यावर त्यांना आम्ही जूनमध्ये तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. ज्यांचे आईवडील असे येऊन गेलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. पहिला आठवडा ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज, नातवंडांचे लाड. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, आणि बाबा खिडकीत. रस्त्यावर माणूस दिसत नाही, पेपरवाला नाही, कोणी हाक मारत नाही. आम्ही राहतो पश्चिम सिडनीत, म्हणजे समुद्र गाडीने तासाभरावर. "समुद्राच्या देशात आणलंस आणि समुद्र खंय दिसत नाय," असं ते एकदाच म्हणाले, पण मला ते लागलं.

मार्ग निघाला तो कुंपणापलीकडून. आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार आजोबा राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये एका फळीवर भोकं पाडून पेन्सिलीसारख्या रंगीत काड्या ओळीने उभ्या केलेल्या असतात. मला ते शोभेचं काहीतरी वाटायचं. बाबांनी कुंपणावरून एकदा बघितलं आणि लगेच ओळखलं: गळाचे फ्लोट. इंग्रजी बाबांना वाचता येतं, पण ऑस्ट्रेलियन माणसाचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जातं. तरी त्या दिवशी ते दीड तास त्या गॅरेजमध्ये होते.

लुडरिकचा फ्लोट दुकानात मिळतो, पण मुरलेला माणूस तो हातानेच करतो. मधला फुगीर भाग बुचाच्या नाहीतर बाल्साच्या हलक्या लाकडाचा. त्यातून आरपार वेताची किंवा फायबरची बारीक काडी. पॉलिश पेपरने घासून अंगाला गाजरासारखा आकार द्यायचा, खाली शिशाची तार गुंडाळायची, दोरा जायला बारीक कड्या बसवायच्या, वॉर्निशचे दोन-तीन हात द्यायचे, आणि वरच्या टोकाला भडक केशरी किंवा पिवळा रंग. खाडीच्या शांत पाण्यासाठी फ्लोट सडपातळ चालतो. समुद्राच्या खडकांवर फेसाळ पाणी, वारा, लाटा असतात, म्हणून तिथे अंग जाड आणि शिसं जास्त लागतं. शेवटी पाण्याच्या बादलीत परीक्षा. फ्लोट सरळ उभा राहिला पाहिजे आणि फक्त टोकाचे दोन-तीन सेंटीमीटर पाण्यावर दिसले पाहिजेत. जास्त वर राहिला तर माशाला ओढताना जड लागतो आणि तो शेवाळ थुंकून निघून जातो.

हा सगळा खटाटोप त्या माशाच्या तोंडामुळे. लुडरिकचं तोंड लहान, दात बारीक आणि प्रत्येक दाताला तीन टोकं. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'ट्रायकस्पिडाटा' ते याचसाठी. हा मासा आमिषावर झडप घालत नाही. गाय चरावी तसा खडकावरचं शेवाळ खुडत फिरतो, अधूनमधून त्यातले बारीक जीवही पोटात जातात. अंगावर उभे काळपट पट्टे, वजन सहसा किलोच्या आसपास, पण गळाला लागला की खडकाच्या कपारीकडे अशी धाव घेतो की काठी अर्धगोल वाकते. 'लुडरिक' हा शब्दही इंग्रजांचा नाही. तो व्हिक्टोरिया राज्याच्या गिप्सलँड भागातल्या आदिवासींच्या भाषेतला आहे. न्यूझीलंडमध्ये याच माशाला 'पारोरे' म्हणतात.

आणि याचा हंगाम कधी? हिवाळ्यात! म्हणजे इकडचा जून, जुलै, ऑगस्ट. या दिवसांत लुडरिकचे थवे किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करतात. गावाकडे तेव्हा आषाढ-श्रावण, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, मासेमारी बंद. बाबांच्या दृष्टीने हा हिशेब अगदी उत्तम जुळला. तिकडे बंद, इकडे चालू.

सुतार आजोबांनी आम्हाला नेलं मलबारला. हो, मलबारच! सिडनीच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्यावरच्या एका उपनगराचं हे नाव आहे. १९३१ मध्ये 'मलबार' नावाचं जहाज इथल्या खडकांवर आपटून फुटलं आणि पुढे त्या वस्तीला जहाजाचंच नाव मिळालं. बाबांना ही गोष्ट फार आवडली. पण जहाज खडकावर फुटलं, यातला इशारा मात्र त्यांनी मनावर घेतला नाही. तो विषय गाडीतून उतरताच निघाला.

आजोबांनी डिकीतून दोन लाइफ जॅकेट काढली. एक स्वतः घातलं, दुसरं बाबांपुढे धरलं. बाबा हसले. मला म्हणाले, "माका समुद्र शिकवतंस? पन्नास वर्सां खडपार गेलंय." मी कायदा सांगितला. न्यू साउथ वेल्समध्ये २०१६ चा खडकांवरच्या मासेमारीच्या सुरक्षिततेचा कायदा आहे, आणि हा भाग ज्या रँडविक कौन्सिलमध्ये येतो तिथे खडकावर मासे धरताना जॅकेट सक्तीचं आहे, नाहीतर १०० डॉलर दंड. बाबा म्हणाले, दंड मी भरतो. आजोबांना आमचं बोलणं कळत नव्हतं, पण भांडण कळलं. ते काही बोलले नाहीत. घडीची खुर्ची उघडून कातळाच्या बऱ्याच वर, कोरड्या जागी मांडली, बाबांना तिच्यावर बसवलं आणि घड्याळ दाखवून बोटांनी खूण केली: वीस मिनिटं. नुसतं बघायचं.

आकाश निरभ्र, वारा पडलेला. समुद्र इतका गुळगुळीत की बाबा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. बारा-तेरा मिनिटं काहीच झालं नाही. मग क्षितिजाकडून चार-पाच काळ्या रेघा आल्या. पहिली लाट कातळाच्या कडेला लागून थांबली. तिसरी आली ती आम्ही जिथे उभं राहणार होतो त्या सपाट जागेवरून गुडघाभर पाणी खेळवत गेली आणि परतताना खळखळत सगळं खाली ओढून घेऊन गेली. दोन मिनिटांत समुद्र पुन्हा शहाण्या मुलासारखा शांत.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजवर कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही. कोकणात समुद्र सांगून चिडतो. आधी ढग येतात, वारा फिरतो, पाण्याचा रंग बदलतो. पावसाळा लागला की लहान पोरालाही कळतं की आता आत जायचं नाही. इकडे मात्र वादळ होतं हजारो किलोमीटर दक्षिणेला, आणि त्याच्या लाटा दोन-तीन दिवसांनी ऊन पडलेल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. आकाश बघून इथला समुद्र वाचता येत नाही. उधाण आणि भांग त्यांना चंद्रावरून तोंडपाठ होतं, ते इथेही लागू पडत होतं. पण ही लांबून येणारी लाट त्यांच्या पंचांगात नव्हती. त्यांनी हात पुढे केला, जॅकेट घातलं आणि चिमटे लावून घेतले. त्या दिवशी आम्ही खडकावर उतरलोच नाही. डबा खाल्ला आणि घरी आलो.

पुढच्या शनिवारी लाटा लहान होत्या. पुन्हा वीस मिनिटं बघणं, मग पायात खिळ्यांचे बूट घालून उतरणं. आजोबांची काठी साडेतीन मीटर लांब, म्हणजे तंगूस खडकाच्या कडेला घासत नाही. रीळ अल्वीचं, १९२० मध्ये क्वीन्सलँडमध्ये सुरू झालेल्या कंपनीचं, मोठ्या थाळीसारखं, टाकताना आडवं फिरवायचं. चिरलेलं शेवाळ वाळूत कालवून मुठीमुठीने पायथ्याशी फेसात टाकायचं, हा माशांना दिलेला आवतण. मग गळाला शेवाळाची वेणी घालून फ्लोट त्या पांढऱ्या फेसाच्या कडेला सोडायचा.

खरी परीक्षा यानंतर. फ्लोट थरथरतो, किंचित खाली जातो, पुन्हा वर येतो. नवखा माणूस लगेच काठी ओढतो आणि हाती रिकामा गळ येतो. फ्लोट सावकाश बुडत जाऊन केशरी टोक हिरव्या पाण्यात पूर्ण दिसेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच काठी उचलायची. आजोबा पुटपुटत होते, "वेट... वेट..." आणि बाबा स्वतःशीच म्हणत होते, "वायच थांब... वायच थांब..." दोन माणसं, दोन भाषा, एकच वाक्य. बाबांना त्या दिवशी तीन मासे मिळाले. त्यातला एक २७ सेंटीमीटरच्या मापाला कमी भरला, तो परत पाण्यात. इथे २७ सेंटीमीटरपेक्षा लहान लुडरिक ठेवता येत नाही आणि माणशी दिवसाला दहाच. हा मासा सावकाश वाढतो, वीस वर्षांहून जास्त जगतो, त्यामुळे हा नियम बाबांना चटकन पटला.

त्याच दिवशी आमच्या खालच्या कडेवर चार मुलं आली. टी-शर्ट, स्लीपर, एक काठी, एक बादली. बोलणं कानावर आलं, आपलीच, मराठी! शिकायला आलेली पोरं. एक जण पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढत होता. आजोबा ओरडले, पण लाटांच्या आवाजात त्यांचं इंग्रजी त्या मुलांपर्यंत पोचलं नसावं. बाबा ओरडले, तेही शाळेतल्या आवाजात: "ए पोरांनो! वर या! आत्ताच्या आत्ता!" परदेशात, कातळावर, मराठीत आलेला तो मास्तरांचा दम! चौघेही विचार न करता वर चढले. काही मिनिटांनी लाट आली आणि त्यांची बादली घेऊन गेली. बादलीच गेली. त्यांच्यातला एक जण नंतर बराच वेळ हाताची बोटं मोडत नुसता बसून होता.

न्यू साउथ वेल्समध्ये दरवर्षी खडकांवरून माणसं वाहून जातात, आणि त्यात आपल्यासारखे बाहेरून आलेले खूप असतात. पोहता येत नाही, समुद्र ओळखीचा नाही, पाटी वाचलेली नसते. म्हणून इथे राहणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. परवाना घ्या, महिन्याचा १४ आणि वर्षाचा ३५ डॉलरला मिळतो, आणि पाहुण्यांनाही तो लागतो. हवामान खात्याचा लाटांचा अंदाज बघा, नुसता पावसाचा नको. एकटं जाऊ नका, पाण्याकडे पाठ करू नका. खांबाला लावलेली गोल 'एंजल रिंग' कुठे आहे ते गळ टाकण्याआधी बघून ठेवा. आणि कोणी पडलंच तर मागोमाग उडी न मारता ती रिंग फेका आणि ट्रिपल झीरोला फोन करा.

आता खाण्याचं. लुडरिकला शेवाळाचा वास येतो म्हणून बरेच लोक नाक मुरडतात. युक्ती अशी, की मासा धरल्या धरल्या त्याचं रक्त वाहू द्यायचं, आतडी काढायची, पोटातला काळा पापुद्रा खरवडून टाकायचा आणि सालही काढायची. मग वास राहत नाही. बाबांनी त्याचं तिरफळ घालून आंबट-तिखट केलं. आजोबांना घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सप्टेंबरमध्ये बाबा परत गेले. जाताना बॅगेत मुलांची चित्रं, थोडी चॉकलेटं, आणि मोज्यात गुंडाळलेले दोन फ्लोट. बाबांनी स्वतः घासलेले, आजोबांनी रंगवलेले. मुंबईत पोचल्यावर त्यांचा पहिला निरोप प्रवासाचा नव्हता, "फ्लोट मोडले नाय" असा होता. आता ते गावच्या खडपात जातात तेव्हा लाल लाइफ जॅकेट घालून जातात. लोक हसतात म्हणे. ते सांगतात, हसा, पण आधी वीस मिनिटं बसून बघा.

आणि आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये, मी कधी घाईघाईने काही मागायला गेले, की एक ऑस्ट्रेलियन सुतार हातातलं काम न सोडता मला म्हणतो, "वायच!"