माणशी अर्धा एकर

बहात्तरच्या दुष्काळावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे. सुकडी, मिलो, खडी केंद्रं, मुंबईची वाट धरलेली कुटुंबं हे सगळं वाचकांना पाठ आहे. रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यामागे हाच दुष्काळ उभा आहे, हेही. पण त्याच दुष्काळाच्या पोटी पुरंदर तालुक्यात एक नियम जन्माला आला होता. जलसंधारणाच्या भाषणांत त्याचा उल्लेख फारसा होत नाही, आणि तो विसरणं अनेकांच्या सोयीचं आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

नियम असा: पाणी वाटायचं ते माणसं मोजून, जमीन मोजून नाही.

तो घडवला विलासराव साळुंखे यांनी. पुण्यात अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग नावाचा अचूक मोजमापाची साधनं बनवणारा त्यांचा कारखाना. दुष्काळात ते पत्नी कल्पनाताईंसह पुरंदरला गेले, तेव्हा सरकारी कामांवर शेकडो माणसं खडी फोडत होती. एवढे हात राबतात आणि गावात पाणी अडवणारं एकही काम उभं राहत नाही, हे त्या इंजिनिअरच्या डोक्यात बसेना. नायगावात देवस्थानाची चाळीस एकर माळजमीन त्यांनी खंडानं घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, खाली विहीर काढली आणि पाणी उपसून वर चढवलं. पर्जन्यछायेतल्या त्या माळावर पिकं उभी राहिली.

इथवरची गोष्ट आता महाराष्ट्रात नवी नाही. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, पुढे सरकारचं जलयुक्त शिवार. बांध, तलाव, विहीर ही मालिका सगळीकडे सापडते. नायगाव वेगळं ठरतं ते पाणी साठल्यानंतर. साठलेलं पाणी कोणाचं? १९७४ पासून ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’च्या आधारानं उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीनं याचं उत्तर कलमवार ठरवून टाकलं. कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे अर्ध्या एकराचं पाणी. कुटुंब कितीही मोठं असो, अडीच एकरांच्या वर नाही. वीस एकरवाल्याला आणि तीन एकरवाल्याला, घरात माणसं सारखी असतील तर पाणीही सारखंच. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्यालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. पाणी फिरवायला गटानं नेमलेला पाटकरी. आणि ऊस लावायचा नाही.

खर्चाची वाटणीही रोखठोक होती. उपसा योजनेचा वीस टक्के पैसा लाभधारकांनी आधी भरायचा, पन्नास टक्के सरकारी अनुदान, उरलेले तीस टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. फुकट काहीच नव्हतं.

यातलं जमिनीपासून पाणी तोडण्याचं कलम किती धाडसाचं आहे, हे कळायला थोडं लांब जावं लागतं. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात कॅथेड्रलच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी पाणी-न्यायालय भरतं. शेतकऱ्यांनीच निवडलेले न्यायाधीश कालव्याचे तंटे तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. युनेस्कोनं २००९ मध्ये या परंपरेला वारसा यादीत घेतलं. सामायिक संसाधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या भागाचा अभ्यास मांडला. वॅलेन्सियात पाणी जमिनीला जखडलेलं आहे: जेवढी जमीन, तेवढा वाटा. त्याच किनाऱ्यावर खाली अलिकांतेत पाणी जमिनीपासून सुटं झालं, पण थेट बाजारात गेलं. पाण्याच्या पाळ्या विकत मिळू लागल्या. म्हणजे हक्क सातबाऱ्यावर तरी किंवा पैशावर तरी. नायगावानं पाणी जमिनीपासून सोडवलं आणि विकूही दिलं नाही. शतकानुशतकं शहाणपणानं कालवे चालवणाऱ्या स्पॅनिश शेतकऱ्यांनीही ही तिसरी वाट धरली नव्हती.

भांडण अर्थातच उसावरून होतं. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो आणि कारखान्याचा पैसा हमखास. तो सोडायला सांगणं म्हणजे महाराष्ट्राच्या राजकारणाच्या कण्याला हात घालणं. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीतला चार टक्क्यांहून कमी वाटा उसाचा, पण सिंचनाच्या पाण्यातला सुमारे सत्तर टक्के, हा कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालातला आकडा वारंवार उद्धृत होतो. होऊन पुढे काही होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचं पाणी गेलं. त्याच हंगामात लातूर जिल्ह्यात उसाचं गाळपही झालं होतं.

साळुंखे एकटे नव्हते. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार सांगलीच्या खानापूर तालुक्यात परतले तेव्हा गावी येरळा नदी कोरडी आणि तिच्यातली वाळू मात्र ठेकेदारांच्या ट्रकांत. मुक्ती संघर्ष चळवळीनं प्रश्न विचारला: वाळू आमच्या नदीची, तर तिच्या पैशातून आमचं धरण का नको? सरकारशी झगडून तांदुळवाडी आणि बलवडी या गावांनी थोडी वाळू विकण्याची परवानगी मिळवली. के. आर. दाते यांच्यासारखा अभियंता पाठीशी उभा राहिला, श्रमदानाला विद्यार्थी आले, आणि ‘बळीराजा’ धरण झालं. तिथेही अटी त्याच: भूमिहीनांनाही पाणी, उसाला बंदी. दोन वेगळ्या तालुक्यांत, दोन वेगळ्या विचारांची माणसं एकाच कलमाशी पोचली. एक कारखानदार होता, दुसरे लाल झेंड्याच्या परंपरेतले.

मग हे पसरलं का नाही? विजेचा खर्च, अनुदानासाठीचे हेलपाटे, नेतृत्वाची पुढची फळी अशी कारणं सांगितली जातात, आणि ती खरीही आहेत. साळुंखे २००२ मध्ये गेले. पुरंदरला पुढे मुळा-मुठेचं, म्हणजे पुणेकरांनी वापरून सोडलेलं पाणी उपसा योजनेनं आलं. त्यात माणशी वाटा नाही. पण खरं कारण याहून सरळ दिसतं. बांध घालायला कोणाचीच हरकत नसते. वाटणीला असते. म्हणूनच बांधांचे फोटो छापून येतात आणि वाटणीचं कलम गाळलं जातं.

जगात माणूस जेवढं गोडं पाणी उचलतो, त्यातलं सुमारे सत्तर टक्के शेतीकडे जातं. टंचाईवरच्या परिषदांमध्ये ठिबक, मीटर, पुनर्वापर यांवर सत्रंच्या सत्रं होतात. त्यांचा उपयोग नाही असं कोण म्हणेल? पण ठिबकनं वाचलेलं पाणी शेजाऱ्याला जाणार की त्याच शेतकऱ्याच्या वाढीव उसाला, हे ठिबकची नळी ठरवत नाही.

नायगावाशी जुळणारी एक ओळ कायद्यात सापडते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात टंचाईच्या काळासाठी तरतूद आहे: लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल एवढा कोटा द्यावा. मोठ्याचं थोडं कमी करून लहानाला जगवण्याची ही गोष्ट कागदावर आली, हे कमी नाही. मात्र शब्द ‘जमीनधारक’ असा आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचा त्या तरतुदीत उल्लेख नाही.